म्हैस शोधायला काय लिहावं

आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती फक्त गोठ्यात. ओटीवर नाही, स्वयंपाकघरात नाही, अंगणात तर नावालाही नाही. दावणीच्या टोकाला, डावीकडच्या खुंट्यापाशी उकिडवं बसलं की दोन काड्या उभ्या राहतात. लग्न करून मी भोरहून पासलीला आले तेव्हा या गोष्टीने माझं डोकं फिरलं होतं. आईला फोन करून रडायचं म्हटलं तरी शेणात बसून रडावं लागायचं, आणि शेजारी ती म्हैस. मी रडायला लागले की ती रवंथ थांबवून माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, बघा, मुक्या जनावराला कळतं. नंतर समजलं, तिची आंबोण खायची वेळ झालेली असायची.

म्हशीचं नाव मी इथे सांगणार नाही. त्याच नावाची एक बाई आमच्या भावकीत आहे आणि तिला वाचनाची आवड आहे.

दिसायला म्हैस चारचौघींसारखी, फक्त डावं शिंग जन्मापासून खाली वळलेलं, पार डोळ्याजवळ आलेलं. त्यामुळे ती कायम कुणावर तरी संशय घेतल्यासारखी दिसायची. स्वभावही तसाच. त्या वाकड्या शिंगाने कवाडाची कडी काढायला ती शिकली होती, आणि भावकीतल्या एकाही माणसाचं भात तिने तोंड न घालता सोडलं नव्हतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. ही दुभती बेताचीच होती, लाथा मात्र सढळपणे द्यायची. तिला हात लावू शकेल असं एकच माणूस घरात होतं, माझ्या सासूबाई.

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्यांचं माहेर गुंजवण्याचं. त्यांच्या लग्नात आईने आंदण म्हणून एक म्हैस दिली होती, आणि ही त्या म्हशीची नात. म्हणजे घर मामांचं, शेत मामांचं, पण ही म्हैस आत्यांची. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

शिवाय म्हशीचं अजून एक काम होतं. मामांशी बिनसलं की आत्या त्यांच्याशी भांडत नसत. त्या गोठ्यात जात आणि ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात सगळं म्हशीला सांगत. बघ गं बाई, काल वेल्ह्याला गेलं माणूस, सांगितलेलं जिरं विसरलं, तंबाखू नाही विसरलं. मामा ओटीवर बसून तीच तंबाखू मळत ऐकायचे आणि काही ऐकलं नाही असं दाखवायचे. दुसऱ्या दिवशी जिरं यायचं. इतक्या वर्षांचा संसार असा, मधे एक म्हैस उभी करून, व्यवस्थित चालला होता.

तर या म्हशीने एकदा, भाताची झोडणी आटपली त्या सुमाराला, मामांच्या मांडीवर लाथ घातली. आत्या तेव्हा भाच्याच्या साखरपुड्याला गुंजवण्याला गेल्या होत्या, म्हणून धार काढायला मामा बसले होते. दूध सांडलं, बादली चेपली आणि मामा पेंढ्यात उताणे पडले. मी वेल्ह्याला शिवणाचा क्लास घेते. माझे यजमान शिरवळला कंपनीत असतात आणि रविवारी घरी येतात. म्हणजे घरात मामांना आवरायला कुणी नव्हतं. मी संध्याकाळी परत आले तर खुंटा रिकामा. मामांनी व्यापाऱ्याला बोलावून, टेम्पोत चढवून, म्हैस विकूनसुद्धा टाकली होती. वर मला म्हणाले, आता एक चांगली तरणी म्हैस आणू, तुझी आत्या खूष होईल.

मी भोरची. आमच्याकडे असं ऐकल्यावर जे बोलतात ते सगळं माझ्या तोंडात आलं होतं. पण सासरे पडले. मी फक्त म्हटलं, मामा, तुम्ही आत्यांना सांगा, मी सांगणार नाही.

आत्या आल्या. कुणी काही सांगायची वेळच आली नाही. एसटीतून उतरून त्या सरळ गोठ्यात गेल्या. खुंट्याकडे बघितलं. खाली पडलेलं दावं उचललं, झटकलं, नीट गुंडाळलं आणि हातातल्याच पिशवीत ठेवलं. मग ओटीवर येऊन मामांच्या समोर उभ्या राहिल्या.

"म्हैस आली की निरोप धाडा," त्या म्हणाल्या. "तवर मी भावाकडं हाय."

आल्या त्याच एसटीने त्या परत गेल्या. गाडी पुढच्या गावाला जाऊन माघारी येईपर्यंत त्या रस्त्यावर उभ्या होत्या, आणि मामा ओटीवर उभे होते. मधे अंगण होतं. मला वाटलं आता मामा उतरतील, आता उतरतील. नाही उतरले. एसटी आली आणि गेली.

पहिले काही दिवस मामा रुबाबात होते. राग निवला की येईल म्हणाले. मग हळूहळू घर त्यांना खायला उठलं. चहा करायला गेले तर साखर कुठल्या डब्यात ते माहीत नाही. भाकरी मी करून ठेवायचे ती ते मुकाट्याने खायचे, आणि ओटीवर बसून गोठ्याकडे कान लावायचे. गोठ्यात कुणीच काही बोलत नव्हतं. आपल्याला शिव्या घालणारं घरात कुणी राहिलं नाही की माणसाला किती चुकल्यासारखं होतं, ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं. माझा राग अर्धा तिथेच उतरला. उरलेला अर्धा पुढे कामाला आला.

व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आमच्याकडे जनावर टिकतंय कुठं, ती तर कधीच दुसऱ्याच्या दावणीला गेली, त्यानेही पुढे दिली असेल. आता सगळे जनावरांच्या वेबसाइटवर टाकतात, तिथे बघा. एवढं बोलून त्याने ठेवला, आणि नंतर उचलला नाही.

असे आम्ही दोघं, सून आणि सासरा, रिकाम्या खुंट्यापाशी पाट टाकून बसलो. माझ्या मोबाईलवर ती जनावरांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट उघडली. वरती एक पांढरा चौकोन होता आणि त्यात फिकट अक्षरात लिहिलं होतं, 'काय शोधताय?'

मी 'म्हैस' लिहायला गेले तर मामांनी माझा हातच धरला.

इथे मामांबद्दल एक सांगायला हवं. त्यांनी जनावरांचा बाजार केला तो रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. त्या बाजारात पहिला धडा असा की हवी ती म्हैस कधी बघायची नाही. शेजारची बघायची, तिचे दात बघायचे, तिच्या शेपटीला हात लावायचा, आणि जाता जाता सहज म्हटल्यासारखं हव्या त्या म्हशीकडे वळायचं. गरज दिसली की भाव चढला. आणि मी तर आल्याआल्या चौकोनात गरज लिहून मोकळी होत होते.

"आदी दोन शेळ्या बघ," मामा कुजबुजले. "मग सहज गेल्यावानी म्हशीकडं जा."

मी म्हटलं, मामा, हे मशीन आहे, याला काय कळतं. ते म्हणाले, त्यामागे माणूस बसलेला असतोच. शेवटी वाद नको म्हणून मी शेळ्या बघितल्या. मामांनी चवीने बघितल्या, एका बोकडाला नावंही ठेवली. मग मेंढ्या बघितल्या. मग, सहज गेल्यासारखं, म्हैस लिहिलं. तोपर्यंत त्या वेबसाइटची पक्की खात्री झाली होती की हे शेळ्यांचं गिऱ्हाईक आहे. पुढे कितीतरी दिवस तिने मला वर शेळ्या दाखवल्या आणि खाली म्हशी.

आणि म्हशी किती. सांगलीच्या, साताऱ्याच्या, गुजरातेतल्या, हरियाणातल्या. पान सरकवत जावं तर संपेचना. सगळ्या काळ्या, सगळ्या आडव्या उभ्या, सगळ्यांच्या तोंडाशी गवताची पेंढी. मामा प्रत्येक फोटोला चष्मा पुसायचे. पुसून पुसून काच झिजली, पण आमची म्हैस दिसेना.

मग मामा म्हणाले, नुसतं म्हैस लिहून कसं कळेल त्याला, सगळी हकिगत लिही. मी लिहिली. त्यांनी सांगितली तशीच: पासली गावची म्हैस, गुंजवण्याहून आंदण आलेल्या म्हशीची नात, डावं शिंग वाकडं, लाथ मारते, कडी उघडते, मालकीण रुसून गेली आहे, तरी कळवावे. पोलीस पाटलाला सांगावं तसं. चौकोनात मावेना, तरी कोंबलं. उत्तर आलं: काहीही सापडलं नाही. तुम्हाला हे आवडू शकेल. आणि खाली कडबाकुट्टीचं मशीन.

मामांना त्यातही राग आला नाही. चांगलं मशीन आहे म्हणाले.

मग माझ्यातली बी.ए. झालेली बाई जागी झाली. मी म्हटलं, मामा, आता तुम्ही गप बसा, याला पद्धत असते. बाजूला चाळण्या होत्या, म्हणजे फिल्टर. जिल्हा पुणे लावला. वय लावलं, म्हातारी म्हटल्यावर होतं तेवढं. दूध लावलं, बेताचं. वेत, म्हणजे कितव्यांदा व्याली ते, सहावं. गावरान. जसजशी एकेक चाळणी लावावी तसतशा म्हशी गळत गेल्या आणि मला वाटलं, आता खाली जी राहील ती आपलीच. खाली एकही राहिली नाही. पुणे जिल्ह्यात म्हातारी, बेताचं दूध देणारी, सहाव्या वेताची एकही गावरान म्हैस विक्रीला नव्हती. मी चाळण्या काढल्या, परत लावल्या, उलट्या क्रमाने लावल्या. शून्य म्हणजे शून्य.

रविवारी यजमान आले. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, नवी म्हैस घ्या, आईला मी समजावतो. मामा त्यांच्याशी दिवसभर बोलले नाहीत. मीही बोलले नाही. ते संध्याकाळच्या एसटीने शिरवळला गेले तेव्हा सुटल्यासारखे दिसले.

त्यानंतर एका दुपारी मी एकटीच गोठ्यात बसले होते. शोधायचं काही सुचत नव्हतं म्हणून लोकांनी म्हशींखाली काय लिहिलंय तेच वाचत सुटले. आणि वाचता वाचता माझं डोकं तापलं. एकूण एक म्हैस गरीब. एकूण एक शांत. सगळ्या दुसऱ्या वेताच्या, फार तर तिसऱ्या. एकही लाथ मारत नाही, एकही आटलेली नाही, एकही कुणाच्या रानात जात नाही. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात एक म्हैस खोडकर नसावी? मग आमच्या वाट्यालाच ती कशी आली? सगळ्या म्हशी जर अशा संत आहेत तर लोक त्या विकतात तरी कशाला?

आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. मी शोधत होते ती आमच्या गोठ्यातली म्हैस. खरी. वाकड्या शिंगाची, लाथाडी, थकलेली. पण ती म्हैस त्या वेबसाइटवर असणारच कशी? विकणारा तिला तसं कशाला लिहील? तो लिहिणार त्याला विकताना जे कुणी सांगितलं असेल ते, वर स्वतःचं चिमूटभर घालून. आणि त्याला ते सांगितलं असेल त्याच्या आधीच्याने. आणि पहिल्या व्यापाऱ्याला ते सांगितलं असेल…

मी मामांना हाक मारली.

मामा आले, पाटावर बसले. मी विचारलं, मामा, व्यापाऱ्याला म्हैस देताना तुम्ही तिच्याबद्दल काय काय सांगितलं? मामा म्हणाले, काय सांगायचं, म्हैस म्हणजे म्हैस. मी म्हटलं, असं चालणार नाही, शब्दन् शब्द हवा. मामांनी तंबाखूची पिशवी काढली, परत ठेवली. मग छपराकडे बघत म्हणाले, दुसरं वेत म्हटलं असेल.

मी लिहून घेतलं नाही, पण मनात एकेक धरत गेले. लाथ? लाथ कसली, म्हटलं, लहान पोराने धार काढली तरी उभी राहते. म्हणजे हे ज्या पायावर उभं राहून सांगितलं तोच पाय तेव्हा सुजलेला होता. कडी? दुसऱ्याच्या रानाकडे मान वर करून बघत नाही म्हटलं. मग एवढी गुणाची तर विकता का, असं नाही विचारलं त्याने? विचारलं म्हणाले. मग?

"मालकीन थकली म्हनलं," मामा पुटपुटले. "आता तिच्यानं व्हत न्हाई म्हनलं."

मी कपाळाला हात लावला. आत्या भात लावणीला अजून दोन तरण्या बायकांच्या पुढे असतात. पण आता मागे फिरायला वेळ नव्हता. मी विचारलं, आणि शिंग? शिंग तर झाकता येत नाही, ते बघून तो काय म्हणाला? इथे मामांचा चेहरा पहिल्यांदा जरासा खुलला. कलाकाराला आपली सगळ्यात चांगली चीज आठवावी तसा. ते म्हणाले, शिंगाला तो नाक मुरडत होता. मग त्याला सांगितलं, बाबा, हे लक्ष्मीचं शिंग. असं खाली वळलेलं शिंग नशीबवानालाच मिळतं. ज्या दावणीला ही म्हैस जाईल तिथे बरकत.

असली काही समजूत आमच्या मावळात नाही. कुठेच नाही. मामांनी ती त्या दुपारी, मांडी चोळत, जागच्या जागी तयार केली होती.

मी चौकोनात 'शांत म्हैस' लिहिलं असतं तर अख्खा महाराष्ट्र आला असता. 'दुसरं वेत' लिहिलं तरी तेच. सगळे जे बोलतात ते लिहून नेमकं एक माणूस सापडत नाही, म्हैस तरी कशी सापडेल. जे फक्त एकाच तोंडातून निघालंय ते लिहायला हवं होतं. मी 'लक्ष्मी' लिहिलं, तर ढीगभर म्हशी आल्या ज्यांचं नावच लक्ष्मी. 'शिंग' लिहिलं, तर बैल आले. मग मी सगळ्या चाळण्या काढून टाकल्या आणि मामांचंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं: लक्ष्मीचं शिंग बरकत.

चाक फिरलं, थांबलं, परत फिरलं. मी हात वर करून रेंज धरली.

एकच म्हैस आली.

फोटोत तिच्या शिंगांना तेल लावलं होतं, गळ्यात नवा कंडा होता. पण त्या वळलेल्या शिंगाखालून ती फोटो काढणाऱ्याकडे ज्या संशयाने बघत होती, त्यावरून मी तिला हजारात ओळखलं असतं. मामांनी चष्मा पुसला नाही. नुसतं बोट पुढे करून काचेवरच्या शिंगाला लावलं. त्याबरोबर फोटो मोठा झाला आणि मामा दचकून मागे सरकले.

म्हैस निघाली भोरच्या पलीकडे, महाडच्या रस्त्याला. दुसऱ्या दिवशी आम्ही गावातला टेम्पो केला आणि गेलो. मालक तरणा होता, बोलायला गोड. तो आम्हाला गोठ्याकडे घेऊन निघाला तेव्हा जरा लंगडत होता. मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनी लगेच दुसरीकडे बघितलं.

आता सौदा करायचा म्हणजे जनावराला नावं ठेवायची, हे मामांच्या अंगात भिनलेलं. त्यांनी सुरुवात केली. लाथ मारत असेल. मालक म्हणाला, देवाशपथ नाही, लहान पोरानं धार काढावी. दूध कमी असेल. छे, दुसरं वेत आहे. लोकांच्या रानात जात असेल. मान वर करून बघत नाही. मामा एकेक खरी गोष्ट बोलत होते आणि समोरून त्यांचंच खोटं त्यांना एकेक करून परत मिळत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं कुणाच्या नावाने? शेवटी मामा म्हणाले, शिंग वाकडं आहे. मालकाने त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि लक्ष्मीच्या शिंगाची सगळी माहिती त्यांना समजावून सांगितली. जुन्या मालकाने सांगितलंय म्हणाला, देवमाणूस होता म्हणे, बायको थकली म्हणून डोळ्यांत पाणी आणून विकली त्याने.

डोळ्यांतल्या पाण्याचं मामांनी मला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात म्हशीने मामांना ओळखलं. कसं ते सांगायला नको, त्याच मांडीवर. मालक घाईघाईने म्हणाला, नवीन माणसाला जरा बुजती. मामा पडल्या जागेवरून म्हणाले, द्या तिला, घेतली. भाव करायचं त्यांना पुढे सुचलंच नाही. विकताना जे आले त्याहून जास्त गेले एवढं मला कळलं. किती जास्त ते मामांनी अजून घरात सांगितलेलं नाही.

परतताना टेम्पो आधी गुंजवण्याला नेला. आत्यांच्या भावाचं घर रस्त्याकडेलाच आहे. आवाज ऐकून आत्या बाहेर आल्या. मामांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चाकावर पाय देऊन त्या वर चढल्या, म्हशीच्या गळ्यातला नवा कंडा काढून टाकला, आणि आत जाऊन पिशवीतलं जुनं दावं आणून बांधलं. तेवढा वेळ म्हैस अशी उभी होती की लहान पोराने धार काढावी.

भावाने चहाला बसवलं. मला कुठे गप बसवतंय. म्हैस कशी सापडली ते मी सगळं सांगितलं, आणि तिथे रेंज होती म्हणून ते पानच उघडून मोठ्याने वाचून दाखवलं. घरातले हसून हसून लोळायला लागले. आत्या हसत नव्हत्या. मी वाचत वाचत शेवटच्या ओळीवर गेले आणि तोंडातून निघूनच गेलं: मालकीण थकल्यामुळे देणे आहे.

"कोन थकली?" आत्या म्हणाल्या.

मामांनी बशीत चहा ओतला आणि बशीकडे बघत राहिले. भाऊ उठून म्हशीला पाणी दाखवायला गेला. मला वाटलं आता आत्या म्हशीला घेऊन टेम्पोत बसतात आणि मामांना इथेच सोडतात. पण आत्यांनी आवाज चढवला नाही. म्हशीला सांगतात त्या मोठ्या आवाजातही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना मामांशी मनातलं सरळ तोंडावर बोलताना बघत होते.

"म्हशीला हुडकाया एवढं समदं केलंत," त्या म्हणाल्या. "मी तर पत्त्यावरच व्हते की."

मामांनी बशी खाली ठेवली. "मोकळ्या हातानं कसा येनार?"

"मोकळ्या हातानंच यायचं व्हतं."

मी मोबाईल पिशवीत टाकला. इतके दिवस शेण तुडवत, हात वर करून, चाळण्या लावत मी ज्यासाठी बसले होते ते गुंजवण्याच्या एसटीच्या तिकिटात मिळत होतं, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मलाही आत्यांचं म्हणणं शब्दशः खरं वाटलं होतं, म्हैस आली की निरोप धाडा. त्यांचा मला तेव्हा राग आला. एवढं मनात होतं तर आधी बोलायला काय झालं होतं या बाईला?

आत्या घरी आल्या. टेम्पोत पुढे जागा होती तरी मागे म्हशीपाशी उभ्या राहून आल्या. संध्याकाळी गोठ्यातून नेहमीचा आवाज ऐकू आला: बघ गं बाई, मला थकली म्हनत्यात. मामा ओटीवर बसून तंबाखू मळत होते. ते ऐकत नसल्याचं दाखवत होते, पण जीव जागेवर आल्यासारखे दिसत होते.

पुढे उन्हाळ्यात गुंजवण्याची यात्रा आली आणि आत्या चार दिवसांसाठी माहेरी गेल्या. भांडून नाही, रीतसर. जाताना म्हशीची धार माझ्या गळ्यात घालून गेल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी बघते तर मामा दाढी करून, धुतलेली टोपी घालून एसटीची वाट बघत उभे. मी विचारलं, कुठे? म्हणाले, जरा काम हाय. मी म्हटलं, यात्रेला चाललाय तर काही न्या तरी, मोसमातली करवंदं न्या, मी पिशवी देते. त्यांनी पिशवी घेतली नाही.

संध्याकाळी म्हशीने मला लाथ मारली, मी तिला चार शब्द सुनावले, आणि तिथेच खुंट्यापाशी बसून आत्यांना फोन लावला. विचारलं, मामा पोचले का? पोचले म्हणाल्या. मी विचारलं, काय घेऊन आले?

"कायबी न्हाई," आत्या म्हणाल्या, आणि त्या फोनवर हसत होत्या.